चिकणमातीला दिलेली वीज

४ मे
पोचले एकदाची! ऑस्ताच्या घरातली वरची खोली मिळाली, खिडकीतून थेट ओढा दिसतो. ऑस्ता ऐंशी पार केलेली, पण जीभ कात्रीसारखी. म्हणाली, शहरातून एक पोरगी पाठवली म्हणून का घर वाचतं? चल, आधी वाफल खा! घर सोडायला मुळीच तयार नाही. ते ज्या उतारावर उभं आहे तो सावरणं हेच माझं काम.

माती मोठी फसवी. एके काळचा समुद्रतळ, त्यातलं मीठ धुऊन गेलंय. वरून टणक, पण धक्का बसला की ताकासारखी पातळ. म्हणून घरालगत लोखंडी नळ्या ठोकल्यात, लाल खुणेच्या; त्या धन. ओढ्याजवळच्या काळ्या, त्या ऋण. वरच्या नळ्यांत पोटॅशचं मीठ ओतायचं आणि वीज सोडायची. पाणी ओढ्याकडे सरकतं, तिथून उपसायचं. घराखालची माती घट्ट होत जाते.

९ मे
पंप झकास पाणी ओढतोय, तळघराची भिंत सुकली. शेजारचा ओड्वार म्हणतो, एल्द्रिद, माझ्या मेव्हण्याच्या डोक्यालाही एक तार जोड, आत सगळं पातळच आहे. दोन दिवस घरी जाऊन येते.

१२ मे
सतरा मेचा सण, देशाचा संविधानदिन, तोंडावर; म्हणून मी नसताना गावाने मिळून साफसफाई केली. इथे अशी हाक आल्यावर घरी बसणं म्हणजे नाक कापून घेणं. अंगण झाडलं, कुंपण रंगवलं, आणि कोठाराचा लाल रंग उरला म्हणून माझ्या सगळ्या नळ्यासुद्धा! तारा सोडल्या, रंग दिला, परत जोडल्या. मला त्रास नको म्हणून ओड्वारने परवाच खटकाही चालू करून ठेवला. राग गिळून आभार मानले. फार दमलेय, तारा उद्या बघते.

१३ मे
तारा उलट्या जोडल्यात. सगळं पाणी घराखाली ओढलं गेलं. देवा! वीज बंद केली, तरी तळघरात झिरपतंच आहे. स्वयंपाकघराचं दार लागेना. ऑस्ताला म्हटलं, ऊठ, निघू या. तर म्हणे, मेंढ्यांना टाकून? मग मीच गाडी काढायला —

दुपार
रस्ताच गेला. होता, आणि नाही. मदतकेंद्राने फोनवर बजावलं, पाऊल टाकू नका, जमिनीवर जरासुद्धा भार नको, हेलिकॉप्टर निघालंय. दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहीत बसलेय. खालून गुरगुर येते — पोटात गुरगुरावं तशी — ऑस्ताने माझं मनगट घट्ट धरलंय. म्हणाली, पोरी, भीती वाटते गं. मलाही वाटते.

आवाज! आले वाटतं —

नाही. ट्रॅक्टर. ओड्वार — मागे अख्खं गाव, फळ्या, दोर — कुरणातून सरळ इकडेच. फोन उचलत नाही. हात हलवतोय, हसतोय — ओरडून घसा बसला — परत फिरा रे, अरे परत — ऑस्ता काचेवर मुठी मारतेय — त्याला वाटतंय आम्ही बोलावतोय — पुढचं चाक खाली —