तिथं पूल नाय

अण्णा, त्या स्टेशनावर पूल नाय. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बोलता बोलता मी भलतीकडं जाईन आणि हेच राहून जाईल. कागदावरच्या ज्या दोन उभ्या रेघा आणि मधल्या आडव्या काड्यांना तुम्ही जन्मभर पूल म्हणत आलात, त्या नुसत्या लाकडी फळ्या आहेत. रुळांच्या मध्ये जमिनीला सपाट बसवलेल्या. माणसं सरळ रूळ ओलांडून फलाटावर जातात, म्हाताऱ्या बायासुद्धा. मीही गेलो. दोन्हीकडं बघून गेलो, लगेच रागावू नका.

तो कागद कसा आला हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथंच उभा होतो असं वाटतं. गाडी चार तास लेट आहे. अजिंठा बघून आलेला एक म्हातारा जपानी तुमच्या पॉइंट्समनच्या खोलीच्या दारात थांबतो, कारण आत कॅलेंडरवर बुद्ध आहे. तो हात जोडतो, तुम्हीही जोडता. मग त्याला तुमच्या काखेतली हिरवी झेंडी दिसते. तो खिशातून एक पितळी शिट्टी काढतो, स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो, आणि तुम्हाला कळतं की हाही आपल्यातलाच, कुठल्यातरी बारक्या स्टेशनाचा रिटायर मास्तर. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, पण तुमच्या वहीच्या पानावर तो आपलं अख्खं स्टेशन काढतो आणि खाली त्या स्टेशनाचं नाव लिहितो. मग उठून ड्यूटी करून दाखवतो. मान डावीकडं, मान उजवीकडं, बोट सरळ पुढं, काहीतरी मोठ्यानं बोलणं आणि एक लांब शिट्टी. म्हणजे सगळं नीट आहे, जा. शिट्टी तो तुमच्या हातात देतो, तुम्हीही वाजवून बघा म्हणून, आणि तेवढ्यात त्याची गाडी येते. बॅगा, धावपळ. शिट्टी तुमच्या मुठीतच राहते. फलाटाच्या टोकापर्यंत तुम्ही हात वर करून पळालात, आणि तो बिचारा दारातून परत हात हलवत राहिला. त्याला वाटलं, काय मायाळू माणूस आहे.

घरी आल्यावर तुम्ही कायदा केलात. "दुसऱ्याची वस्तू हाय. ठेवायची, पुसायची, वाजवायची नाय." मी एकदा वाजवली, चौथीत असेन. तुम्ही मारलं नाहीत. समोर बसवून एवढंच म्हणालात, "शिट्टी वाजली की गाडी हलती. उगा वाजवली तर माणूस मरतंय." पुढं कितीतरी दिवस गल्लीत कुणी शिट्टी मारली की मी आधी रस्त्याकडं बघायचो. कागद मात्र हाताळायला मोकळा होता. जेवण झालं की ताट बाजूला सारून तुम्ही तो उलगडायचात. ही मेन लाइन, ही बाजूची लूप, मधी फलाट, ही मास्तरची खोली, मागं मालाची लाइन, हा इंजिनाला पाणी भरायचा हौद. आणि हा पूल. पेनानं तुम्ही त्याला पायऱ्या काढल्यात, कठडा काढलात, शेजारी 'पूल' लिहिलंत. आई म्हणायची, "त्यांनी काढला नाय तो तुम्ही कशाला बांधताय?" तर तुम्ही म्हणायचात, "अगं, स्टेशन म्हटल्यावर पूल असतोच. ती शिस्तीची माणसं हायेत, आपल्यावानी रुळावरून उड्या नाय मारत." दिवसभर रूळ ओलांडणाऱ्यांवर ओरडून घसा बसलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

शेवटी दवाखान्यात, जायच्या दोन दिवस आधी, तुम्ही म्हणालात, "फिरतोच हायेस तर ती शिट्टी तेवढी पोचती कर." मी व्हय म्हणालो. माझं व्हय तुम्हाला माहीतच होतं. मध्ये काय काय झालं, सगळं सांगत नाही. वैजापूरच्या मार्केटात कांदा निवडला, पाचोडच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकली, वेरूळला पर्यटकांच्या मागं फिरून मोडकंतोडकं जपानी शिकलो. बारावीचा फॉर्म दोनदा भरला, परीक्षेला एकदाही गेलो नाही. मग तिकडं जपानात एका भारतीय हॉटेलात भांडी घासायचं आणि नान भाजायचं काम मिळालं. तिथल्या नानात साखर घालतात, अण्णा. पण ते राहू दे. कागदावरचं नाव तिथल्या स्वयंपाक्यानं वाचून दिलं, आणि सुटीच्या दिवशी तीन गाड्या बदलून मी गेलो.

शेवटची गाडी एकाच डब्याची. तिकिटं ड्रायव्हरच घेतो. आम्हा उतरणाऱ्यांचे पैसे घेऊन झाल्यावर त्यानं रिकाम्या फलाटाकडं बोट दाखवलं, मान फिरवली, मोठ्यानं काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. शिट्टी तेवढी नव्हती, कारण मास्तरच नाही आता. मी तुमचा कागद काढून उभा राहिलो. फलाट अगदी चित्रातल्यासारखा दोन रुळांच्या मध्ये, पण गाडी फक्त एका बाजूनं येते. दुसरा रूळ गंजलाय, त्यात गुडघाभर गवत. फळ्या ओलांडल्या की लाकडी स्टेशन, उतरत्या छपराचं, आपल्या पुढच्या लासूरच्या स्टेशनापेक्षाही बारकं. आत एक बाकडं, एक घड्याळ, आणि तिकिटाची खिडकी आतून फळी मारून बंद.

एक म्हातारी बाई झाडत होती. गावातल्या बाया पाळीनं झाडतात, त्या दिवशी हिची पाळी. मी कागद पुढं केला तर तिनं झाडू भिंतीला लावला, चष्मा काढला, परत घातला. मग सगळं फिरवून दाखवलं. मागच्या डोंगरातून लाकडाचे ओंडके यायचे, ते भरायला ती मालाची लाइन. एवढ्याशा गावाला एवढं स्टेशन त्या लाकडामुळंच मिळालं. पुढं लाकूड ट्रकनं जायला लागलं, मग लाइन उखडली, मग लूप बंद झाली, शेवटी मास्तरची जागा गेली. तुमचा पाण्याचा हौद म्हणजे मास्तरनं हौसेनं खणलेलं माशांचं तळं. अजून चार मासे आहेत, लई आळशी.

मग तिचं बोट तुमच्या पायऱ्यांवर आलं. "हे काय?"

"पूल. माझ्या वडिलांनी काढलाय."

"इथं पूल कधीच नव्हता."

"त्यांना वाटलं, रुळावरून कुणी चालत नसणार."

ती इतकी हसली की बाकड्यावर बसली. "तुझ्या वडिलांना म्हणावं, लहानपणी आम्ही मागितला होता. मास्तर म्हणाला, दोन्हीकडं बघायला शिका, पूल लागणार नाही."

मास्तर वारला होता. भिंतीला एक काचेचं कपाट आहे, त्यात त्याची टोपी, कंदील, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. ती कुलूप काढून थांबली, कारण मी आधीच सांगून बसलो होतो की वडिलांनी एक वस्तू परत द्यायला सांगितलीय. तिनं टोपी जरा सरकवून जागासुद्धा केली. माझा हात खिशात होता. शिट्टी अंगाच्या उबेनं गरम झालेली. आणि मी कागद दिला, अण्णा. म्हणालो, हेच. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि नीट उभा करून ठेवला. आता तिकडं कपाटात तुमच्या अक्षरात 'पूल' लिहिलेलं आहे.

मागच्या महिन्यात घरी आलो. चपला काढायच्या आत आईनं विचारलं, "दिलीस का रे त्याची शिट्टी?" मी म्हणालो, "दिली." ती म्हणाली, "बरं झालं. त्यांचा जीव अडकला होता तिच्यात." तेव्हापासून मी शिट्टी पॅन्टच्या आतल्या खिशात घेऊन हिंडतोय. आज ती आपल्याच स्टेशनावर, फलाटाच्या टोकाच्या बाकड्यावर मांडीवर ठेवून हे लिहितोय. लिहून झालं की या पत्राची घडी शिट्टीभोवती गुंडाळीन. पोस्टात टाकून पाठवणार कुठं?

इथंच मी सतरा वर्षांचा असताना मनमाडकडच्या पॅसेंजरला लटकलो होतो. घरी सांगितलं होतं, गुलमंडीला पॅन्टचं कापड बघून येतो. तुमची ड्यूटी दुसऱ्या टोकाला असेल असा माझा हिशेब होता. नव्हती. तुम्ही झेंडी घेऊन समोरच उभे, आणि मी दारात, पाठीवर सॅक. तुम्ही ओरडाल, गाडी थांबवाल, मला खाली ओढाल असं वाटलं. गाडी हलली. तुम्ही डावीकडं बघितलंत, उजवीकडं बघितलंत, आणि खिशातून ती पितळी शिट्टी काढलीत.

दीड महिन्यानं परत आलो तेव्हा आई भाकरी थापत होती आणि तुम्ही ताटावर बसला होतात. कुठं होतास, काय खाल्लंस, काही नाही. एवढंच विचारलंत, "शिट्टी ऐकली होती का?"

मी म्हणालो, "नाय. लई गोंगाट होता."

तुम्ही म्हणालात, "असू दे. वाढ गं त्याला."

ऐकली होती, अण्णा. लासूर येईपर्यंत ऐकू येत होती.