डाउनटाउनातली शतपावली

डॅलस, ऑक्टोबर २००६

ती. बाबांना देवयानीचा नमस्कार.

आम्ही जिंकलो! बिल्डिंगसमोरच्या पार्किंग लॉटच्या जागी बाग होणार. काल सिटी कौन्सिलने मंजूर केलं.

अर्विंग उपनगरातलं घर सोडून इथे डाउनटाउनच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा तुम्हाला काळजी वाटली होती. खोटं कशाला सांगू, ऑफिसं सुटली की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. पण जेवणानंतर शतपावली घातल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही तुमचीच सवय. तुमच्या जावयाला ओढत निघायचे. एक पोलीस दर वेळी थांबवून विचारायचा, "कार बंद पडली का?" नुसतंच चालतोय, हे त्याला पटायचंच नाही.

मग वरच्या मजल्यावरची कॅरल यायला लागली, कुत्रेवाले आले. माणसं दिसायला लागल्यावर कोपऱ्यावरचा कॉफीवालाही दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवू लागला.

कालच्या मीटिंगमध्ये एक साहेब म्हणाले, "संध्याकाळी इथे चालतंय कोण? बाग कोणासाठी?" मी ताडकन उठले. मागे वळून पाहते तर आमची अख्खी शतपावली उभी! दाराशी तो पोलीससुद्धा, हात वर करून.

आईचा गुडघा कसा आहे? ती म्हणत होती, तुमचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही फाटकाबाहेर पडतच नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?

बागेत तुमच्यासाठी एक बाक मी भांडून मिळवीन. पण बाबा, तिथवर चालत यायचंय. आज जेवण झालं की चपला घाला.

तुमच्यासारखीच हट्टी,
देवयानी