मांडीखालचा हात

४ मार्च
प्रयोगशाळेत नवे उंदीर आले. एक चालतच नाही — सशासारखे दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारतो. सगळे हसले, मीही हसले. मग आमच्या प्रमुख मॅडमनी कारण सांगितलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

लिहून ठेवते. गर्भात मेंदू घडत असतो, तेव्हा एक जनुक मज्जातंतूंना वाट दाखवतं — इकडून तिकडे ओलांडून जा म्हणून. ते कमजोर असलं की काही तंतू ओलांडतच नाहीत. मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला पूल बारीक राहतो, मोठेपणीसुद्धा. मग एका बाजूला दिलेला हुकूम दोन्ही बाजूंना जातो.

आणि माणसांत? मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माणूस उड्या नाही मारत," मॅडम म्हणाल्या. "उजव्या हाताने लिहायला घेतलं की डावाही हलतो, इतकंच."

इतकंच! आत्ताही माझा डावा हात मांडीखाली आहे. अडतीस वर्षांची झाले, लिहिताना तो तिथेच असतो. मला ती खोड वाटायची.

५ मार्च
भीती वाटते.

७ मार्च
उंदरांच्या मेंदूचे काप करायचे होते. उजव्या हाताने यंत्राचं चाक फिरवायचं, डाव्या हातातल्या कुंचल्यावर काप झेलायचा. माझा डावा चाकाबरोबर फिरू पाहतो, म्हणून मी आधी चाक फिरवते, थांबते, मग काप उचलते. सगळ्यांना वाटतं, काय जपून काम करते! त्याबद्दल मागे शाबासकीही मिळाली आहे.

आज उड्या मारणाऱ्या जातीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मधला पूल दोऱ्याएवढा. बराच वेळ डोळा काढवेना.

८ मार्च
आईला फोन केला. बाबांचा डावा हात कायम खिशात का असायचा, विचारलं. "ऐट होती त्यांची," म्हणाली. मग म्हणाली, "लिहिताना खिशात किल्ल्यांचा जुडगा धरायचे. हात जागेवर राहतो म्हणायचे."

म्हणजे तो आवाज! बाबा पत्रं लिहायला बसले की शेजारच्या खोलीत किल्ल्या वाजायच्या. मला वाटायचं, लिहिण्याचाच आवाज तसा असतो.

बाबा. मग मी. आणि माझी लेक अकरा वर्षांची. तिच्यात उतरण्याची शक्यता निम्मी — नाणेफेकच.

११ मार्च
लेकीच्या वर्गशिक्षिकांनी बोलावलं होतं. डोकं चांगलं आहे, पण लिहायला फार वेळ लावते, पेपर पुरा होत नाही म्हणाल्या. मी मान डोलावली.

१३ मार्च
दोन्ही हात एकदम हलणाऱ्या रुग्णांशी तुलनेसाठी निरोगी माणसांचे मेंदूही एमआरआयमध्ये पाहायचे आहेत. दोन्ही हातांत हालचाल मोजणारे हातमोजे घालायचे आणि फक्त उजव्याची बोटं हलवायची. यादीत पाचवं नाव माझं! जानेवारीत अर्ध्या दिवसाच्या सुट्टीच्या मोहाने मीच दिलेलं. मूर्ख बाई!

गुडघ्यात स्क्रू आहे म्हणून सांगितलं. धातू असला की त्या यंत्रात घेत नाहीत. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "काल तर एमआरआयच्या खोलीत जायचा फॉर्म भरलास. धातू नाही म्हणून." मी म्हटलं, विसरले होते. स्वतःच्या गुडघ्यातला स्क्रू कोण विसरतं! पण त्यांनी नाव खोडलं.

सुटले. मग दिवसभर लाज वाटत राहिली.

१५ मार्च
मॅडमना आडून विचारलं, अशा माणसांच्या बुद्धीचं काय होतं. कुणाला शिकायला जड जातं, कुणाला काहीच नाही, आधी सांगता येत नाही म्हणाल्या. जाता जाता: "ज्यांना ठाऊक असतं ते निदान मदत मागतात." माझ्या गुडघ्याकडे मात्र पाहिलं नाही.

१७ मार्च
लेक टेबलाशी अभ्यास करत होती. डावा हात दिसत नव्हता. खोडरबर पाडून वाकायचं ठरवलं. पाडलं. वाकले नाही. नवरा म्हणाला, तिच्याकडे परीक्षकासारखी काय बघतेस? त्याला काय सांगू!

१९ मार्च
आज वाकले. डावा हात मांडीखाली.

"अशी का बसतेस गं?"

"तूच बसतेस की. नाहीतर तो पण लिहायला लागतो."

मी ही वही घेऊन तिच्या शेजारी बसले आणि माझा डावा हात टेबलावर ठेवला. मी हे लिहितेय तसा तोही हलतोय. आता तिने तिचाही काढला.