स्वयंपाकघरातून येणारा आवाज

तीर्थरूप आईस,

इतक्या लांबून पाया पडतो, आशीर्वाद तेवढ्याच लांबून पाठव. माझं जेवणखाण वेळेवर आहे. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

मी बाबांवर केलेला माहितीपट काल इथे दाखवला. खोट्या आरोपात अडकलेला पेंटर तुरुंगाच्या भिंती रंगवत राहतो आणि शेवटी निर्दोष सुटतो, हे बघून लोक उभे राहिले. मग एका बाईंनी विचारलं, "अहो, हे आत होते तेव्हा घर कोण चालवत होतं?" उत्तर तू होतीस, आणि माहितीपटात तू कुठेच नाहीस.

चित्रीकरणात बाबा बोलताना अडले की तू स्वयंपाकघरातून सांगायचीस, "अहो, तो वकील नंतरचा!" मी ओरडायचो, "आई, गप्प बस गं, मध्ये आवाज येतोय!" पुढे हेडफोन चढवून तुझं एकेक वाक्य मी शोधून शोधून पुसलं. आवाज इतका स्वच्छ आहे म्हणून इथे माझ्या कानांचं फार कौतुक आहे. आता माहितीपट पुढच्या महोत्सवांना गेलाय, बदलता येत नाही.

घरी आलो की माईक तुझ्यासमोर ठेवणार. बाबांना स्वयंपाकघरात बसव. फक्त परवा फोनवर म्हणालीस तसं "मला मेलीला काय येतंय बोलायला" म्हणू नकोस. ते तुला मीच शिकवलं.

तुझा,
धाकटा