गाडी घरात घेऊ नका

५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हसतखेळत पत्र लिहायला बसले होते, पण जमत नाही. डॉक्टरीणबाईंनी महिनाअखेरची तारीख दिलीय आणि तुझी जुनी मोटरसायकल सकाळच्या गारठ्यात काही केल्या सुरू होत नाही. किका मारून ह्यांचा पाय सुजला. दुपारी उन्हात मात्र शहाण्यासारखी चालते. हे म्हणतात, गाडी मेहुण्यावर गेलीय, ऊन अंगावर आल्याशिवाय उठत नाही.

दवाखान्याची गाडी आमचा चढ चढत नाही, हे तुला ठाऊकच आहे. मागच्या वेळी आम्ही वाटेतच अडकलो आणि बाळ हाती लागलं नाही. पुन्हा तसं झालं तर मी जगायची नाही, दादा. गॅरेज तुझं आहे, काय करायचं ते तूच लिही.

लोभ आहेच, उत्तर मात्र धावत येवो.

तुझी,
धाकटी

९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जगायची नाही वगैरे पुन्हा लिहिलंस तर कान उपटीन. गाडीचं दुखणं साधं दिसतंय.

जावईबापूंना सांग, गाडी थंड असताना चोक पूर्ण ओढायचा आणि ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. आधी किल्ली बंद ठेवून चार-दोन किका सावकाश मारायच्या, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जातं. मग किल्ली फिरवून एक सणसणीत. तरी ऐकलं नाही, तर कार्बोरेटर उघडून आतला बारीक भोकाचा जेट फुंकून साफ करावा. आणि गाडीला रात्री ऊब मिळेल असं बघा.

तब्येतीला जप. आशीर्वाद पाठीशी आहेतच.

दादा

१५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो! पहिल्या किकेला सुरू होते. जेट ह्यांनी साफ केला आणि तू ऊब म्हणालास म्हणून गाडी थेट बैठकीच्या खोलीत घेतलीय, शेगडीपासून हातभर. पाहुणी असल्यासारखी ऐटीत उभी असते.

फक्त जेट साफ केल्यापासून खाली पेट्रोलचे थेंब पडतात. मी वाटी ठेवलीय. गारठ्यामुळे खिडक्या बंद, त्यामुळे वासाने मळमळतं. तेवढं चालवून घेते. आता रात्री झोप लागते.

माया अशीच राहो.

धाकटी

१८ जानेवारी

धाकटे,

नमस्कार-चमत्कार राहू दे. शेगडी विझवा, खिडक्या उघडा, गाडी अंगणात ढकला, मग पुढचं वाच.

पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. निखाऱ्यापर्यंत पोचली की भडका. जेट साफ करताना कचरा अडकला असणार, म्हणून गळतंय. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, म्हणजे नळ, बंद करा आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून साठलेलं पेट्रोल काढून टाका. निघायच्या वेळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं कार्बोरेटरवर धरा, सुरू होईल.

ऊब म्हणजे वरून गोणपाट टाका, एवढंच म्हणायचं होतं गं. गॅरेजात सगळ्यांना ते कळतं, तुम्हाला कसं कळणार? एक ओळ लिही, सुखरूप आहोत म्हणून.

दादा

२७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप आहोत. तुझं पत्र आलं तेव्हा हे शेगडी पेटवायला वाकले होते. मी किंचाळले. आधी खिडक्या उघडल्या, मग दोघांनी मिळून गाडी बाहेर ढकलली.

काल पहाटे कळा सुरू झाल्या. फडकं, चोक, किल्ली, सगळं तू सांगितलंस तसंच केलं, पण गाडी हूं की चूं करेना. मी पायरीवर बसले होते आणि मागचं सगळं डोळ्यांपुढे येत होतं. शेवटी हे गाडी टाकून खालच्या वळणावर नुकत्याच राहायला आलेल्या नर्सबाईंना आणायला धावले. त्या आल्या आणि लगेचच तुझी भाची झाली. नाळेचा गळ्याला वेढा होता, पोर निळी पडली होती. बाईंनी वेढा सोडवला, पाठ चोळली, तेव्हा कुठे रडली. त्या म्हणाल्या, तुम्ही गाडीवर असता तर हिचं काही खरं नव्हतं.

ह्यांनी नंतर बघितलं, पेट्रोलचा कॉक बंद होता. तू बंद करायला सांगितलास तो घाबरून उघडायचाच राहिला. तेव्हापासून हे पोरीकडे बघतात आणि मध्येच रडू लागतात. माझी भीती अजून गेली नाही. ती झोपली की मी नाकापाशी बोट धरून बघते.

तू ये. आता लोभ दोघींवर असू दे.

धाकटी