शुक्रवारच्या खान्यातलं सूत्र

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता ठरवून आठवावा लागतो. फक्त शनिवारी सकाळी फोनवर बोलायचात तो आवाज अजून आपसूक येतो. ‘साहेब, काल शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या होड्या जात नाहीत.’ हर्ण्याच्या बंदरावर कंपनीचं खरेदी केंद्र म्हणजे काय, तर पत्र्याची एक शेड, काटा, बर्फाच्या पेट्या आणि तो फोन. संध्याकाळच्या लिलावात तुम्ही मासळी घ्यायचात, बर्फात भरून रत्नागिरीला कारखान्यात पाठवायचात, आणि किती पाठवली ते मुंबईला कळवायचात. मुंबईतले साहेब बदलत गेले, प्रश्न काही बदलला नाही: शुक्रवारी शून्य का? तुम्ही दर वेळी पहिल्यांदाच कोणी विचारतंय अशा आवाजात सांगायचात. शेजारी बसून माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. एकदा मी म्हटलं, त्यांना लिहूनच द्या ना एकदाचं. तुम्ही हसलात आणि काट्यावरची खवलं पुसायला लागलात.

त्यांना काय माहीत शुक्रवार म्हणजे काय ते! बाकीचे दिवस तुम्ही शेडमध्ये उभ्याउभ्या डबा खायचात. शुक्रवारी मात्र सकाळीच आंघोळ, पांढरा झब्बा, कानामागे अत्तर. मशिदीतून परत आलात की अम्मी चुलीपुढून हलायची नाही. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट तुमच्या ताटात. सुरमईचं डोकं तुमचं, असं ठरलेलंच होतं, आणि ते तुम्ही माझ्या ताटात सरकवायचात हेही ठरलेलं. अम्मी ओरडायची, ‘तिला सवय लावून ठेवा, उद्या सासरी कोण देणार हाय?’ कोणी दिलं नाही, तिचं खरंच झालं. फी, सहल, नवी चप्पल, पुढे कॉलेजसाठी दापोली, जे काय मागायचं ते मी शुक्रवारी दुपारी मागायची. इतर दिवशी तुम्ही कंपनीचे, शुक्रवारी आमचे. बंदराचंही तसंच. होड्या खाडीत शांत उभ्या आणि बापेमाणसं घरात.

अठ्ठ्याण्णवमध्ये मला रत्नागिरीला त्याच कंपनीच्या कचेरीत नोकरी लागली, संगणकावर आकडे भरायची. तुमच्या केंद्राचे आकडेही माझ्याच हाताखालून जायचे. एका शुक्रवारी रजा काढून एसटीने घरी आले, जेवण झाल्यावर मोठ्या हुशारीने म्हटलं, ‘अब्बा, गुरुवारचा थोडा माल शुक्रवारच्या नावावर टाकते. बेरीज तीच राहील आणि तुमच्या मागची फोनची कटकट जाईल.’ तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतात, तो त्या दिवशी चढवलात. ‘जुम्मा खाली हाय तर खालीच दिसला पायजे. आज तू माल दाखवशील, उद्या ते बोलतील, माल येतो ना, मग केंद्र चालू ठेवा. मग आमी नमाजाला कधी जायचा, नि पोरांबरोबर कधी बसायचा?’ अम्मी हातातली पळी तशीच धरून बघत राहिली. मी रुसून लवकरची गाडी पकडली. रस्ताभर मला तुमचा राग येत होता, आणि त्याहून जास्त त्या फोनवाल्यांचा.

तुम्ही गेल्यानंतर मुंबईने नवी अहवाल-प्रणाली आणली आणि रत्नागिरीत ती माझ्या गळ्यात पडली. सोपं करून सांगते. आडव्या ओळीत बंदरं, उभ्या रकान्यात वार. ओळ आणि रकाना जिथे मिळतात तो खाना साठवलेल्या आकड्यांना एकच प्रश्न विचारतो: या बंदरावर या वारी किती माल आला? सगळे खाने एकाच साच्यातले. त्यात शेवटी रोजची सरासरी, आणि ज्या केंद्रांची सरासरी कमी ती बंद करायची यादी. तुमचं केंद्र त्या यादीत आलं. येणारच होतं, शुक्रवारचं शून्य ओळीला खाली ओढत होतं. मग मी पुस्तिका चाळता चाळता शोधून काढलं की एखाद्या खान्यापुरतं वेगळं सूत्र लिहिता येतं. तसं लिहिलं की तो खाना ओळीचंही ऐकत नाही आणि रकान्याचंही, आपल्यापुरता वेगळा प्रश्न विचारतो. मी हर्णे आणि शुक्रवार जिथे मिळतात त्या खान्याला सांगितलं, तू विचारूच नकोस, नुसती रेघ दाखव. त्या ओळीच्या सरासरीच्या खान्याला सांगितलं, शुक्रवार धरू नकोस. साहेबांना कारण समजावलं, त्यांनी मान डोलावली. खोटा आकडा एकही नव्हता, अब्बा. केंद्र यादीतून निघालं, आणि शनिवारचे फोन कायमचे थांबले. त्या दिवशी मला वाटलं, तुमचं आयुष्यभराचं सांगणं मी एका ओळीत सांगून टाकलं. फार फुशारले होते मी.

पुढे कौतुकाचं ओझं झालं. एका केंद्रवाल्याला त्याच्या बंदराच्या जत्रेसाठी वेगळं सूत्र हवं, दुसऱ्याला बर्फाचा कारखाना बंद पडला म्हणून. नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही, तो तुमच्याकडूनच आला असावा. अहवालाची गोधडी झाली, आणि कुठलं ठिगळ कशासाठी लावलं ते फक्त मला ठाऊक. डोळे दुखायचे, मान धरायची. घरी आल्यावर कोणी काही विचारलं तरी जिवावर यायचं.

अशात मुंबईने पुन्हा यादी काढली. या वेळी सरासरी सोडून नुसता एकूण माल धरला होता, आणि हर्णे पुन्हा त्यात होतं. मला काही उमजेना. दुसऱ्या दिवशी काट्यावरच्या चाचांचा फोन आला. तुमच्या हाताखाली शिकलेले, तुमच्यामागे केंद्र त्यांनीच सांभाळलं.

‘बाय, आमचा जुम्याचा माल यादीत दिसत नाय. आमी बर्फात भरतो नि तुमी हापिसात खाता काय?’

मी म्हटलं, ‘चाचा, जुम्याला कुठला माल?’

चाचांनी आधी कोणाला तरी पेटी उचलायला सांगितलं. मग म्हणाले, ‘जातात आता होड्या. गेल्या हंगामापासून. खलाशी भायेरचे, त्यांना जुम्मा काय नि मंगळवार काय. मालकांची पोरा बोलली, डिझेल महाग झाला, होडी बसवून ठेवून भागत नाय. मी नमाजाला जाऊन येतो नि काट्यावर बसतो.’

‘मला सांगितलं का नाही?’

‘तू कधी इचारलंस?’

विचारणार कोण? खान्याला मीच गप्प बसवलं होतं, आणि फोन करणारे केव्हाच थांबले होते. आलेला माल आता दुसरीच मुलं संगणकात भरत होती, पैसेही चुकते होत होते, फक्त अहवालात तिथे रेघ होती, आणि रेघ बेरजेत धरली जात नाही. सूत्र काढून टाकायला मिनिटसुद्धा लागणार नव्हतं. तरी मी दुपारपर्यंत त्या पडद्यासमोर नुसती बसून राहिले. शेडमध्ये राबणारी माणसं डोळ्यांपुढे होती, चाचांची म्हातारी होती. काढणार नाही असं थोडंच होतं! चहा आला, गार झाला. शेवटी काढलं. रेघ गेली आणि तिथे आकडा आला, रविवारच्या आकड्याहून मोठा. संध्याकाळपर्यंत हर्णे यादीतून बाहेर. साहेबांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. चाचांनी फोनवर इतक्या दुवा दिल्या की मला त्यांना मध्येच थांबवावं लागलं.

हे पत्र मी कुठे टाकणार! लिहून झालं की कपाटात जाईल. पण एवढं सांगायचं होतं, दुसऱ्या कोणाला सांगता आलं नाही. अब्बा, त्या दिवशी तुमचं केंद्र वाचलं, आणि मला वाईट वाटलं.