क्रियाशील सभासद

६ जानेवारी, सोमवार

एकोणीस! नऊ भोकं, चाळीस एकर हिरवळ आणि सभासद एकोणीस. त्यातले तीन अमेरिकेत!

मालकांचा मुलगा पार्थ पुण्याहून आला होता. भिंतीवर चित्रं दाखवली — गोल्फ क्लबला सभासद कसे आणावेत, कसे टिकवावेत. ऐकणारा मी एकटा. योगा ठेवा, वाढदिवसाला मेसेज पाठवा. मी म्हटलं, केडगावात वाढदिवसाला मेसेज नाही, फ्लेक्स लागतो. हसला नाही.

जाताना सरळ बोलला — "हवालदार, अठ्ठावीस फेब्रुवारीला सकाळी मोजायला येतो. मैदानावर पन्नास माणसं दिसली तर क्लब राहील. नाहीतर प्लॉटिंग." बोर्ड रंगवूनच आणला होता! स्टोअरमध्ये ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

चोवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली आठ छावणीच्या गोल्फ मैदानावर. इथलं गवत तर मी स्वतः लावलंय. 

७ जानेवारी

बनुबाई दोन मिनिटं उशिरा आली. अर्धा खाडा मांडला. "दोन मिन्टं तर हायेत!" म्हटलं, इथं ऑफिसातलं घड्याळ चालतं. "चालू द्या. गरिबालाच चालतंय ते." लई तोंडाळ बाई! पण गवत तिच्यासारखं कुणी कापत नाही. तिच्यासकट सात बायकांची चूल या मैदानावर पेटते.

१५ जानेवारी

योगा. दोघे आले. त्यातला एक लग्नासाठी लॉन बघायला आला होता. विचारतो, स्टेज कुठं टाकायचं?

२० जानेवारी

क्लबच्या नियमांत आहे — दर दोन वर्षांनी चेअरमन निवडायचा. उभं राहायलाच कुणी नव्हतं, म्हणून राहून गेलं. आज आपली रीत म्हणून नोटीस लावली.

२२ जानेवारी

बाप रे!

सकाळी काष्टीचे आप्पासाहेब. तीन गाड्या, पंधरा माणसं. "चेअरमनपद मोकळं हाय म्हनं?" कसलं पद, कसला खेळ — एका शब्दाने विचारलं नाही. दुपारी पारनेरचे काकासाहेब ठेकेदार. "आप्पा कशाला आल्ता?" सांगितलं. खुर्चीत बसलेच नाहीत, उभ्या उभ्या शंभर फॉर्म मागितले. आप्पासाहेबांना कळलं, त्यांनी सव्वाशे नेले.

पार्थच्या चित्रांत हे कुठंच नव्हतं!

२७ जानेवारी

सभासद दोनशे अकरा. मैदानावर बनुबाई, मी आणि एक कुत्रं.

मतापुरते सभासद हे. मतदानाला उगवतील, पेढे खातील आणि जातील. बसून विचार केला. कारखान्यात कसं, ऊस घालेल तो क्रियाशील सभासद, त्यालाच मत. मग इथंही तेच! मतदानाआधी दहा सकाळी मैदानावर येऊन चेंडू मारायचा, हजेरीवर सही करायची, तरच मत. खाली आणखी एक ओळ घातली — सर्व वेळा ऑफिसातल्या घड्याळाप्रमाणे. दोन्ही उमेदवारांनी न वाचता सह्या ठोकल्या.

३ फेब्रुवारी

टेम्पो आले! काष्टीहून दोन, पारनेरहून दोन. धोतरं, टोप्या, मफलर, दोन म्हाताऱ्यांच्या हातात काठ्या. हजेरी सत्त्याहत्तर!

एक जण म्हणाला, "भोक एवढ्या लांब कशापायी? जवळ आना की!" दुसऱ्याने चेंडू उचलून चालत नेला आणि भोकात टाकून आला. "झालं. सही कुठं करू?"

मग काकासाहेबांच्या गटातले रामहरी. सत्तरीचे. गोल्फची काठी हातात घेतली, ऊस तोडताना वाकतात तसे वाकले आणि दिला तडाखा. चेंडू थेट झेंड्यापाशी!  मग असा कल्ला झाला म्हणता! आप्पासाहेबांची माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. नंतर भानावर आली आणि हात खिशात घातले.

१३ फेब्रुवारी

रामहरींच्या दहा सकाळी काल भरल्या. आज अकरावी. म्हटलं, तात्या, मत पक्कं झालं, आता कशाला आलात? म्हणाले, "काल डावीकडं गेल्ता चेंडू. कशानं गेला, रात्रभर त्येच डोक्यात हुतं."

मला एकदम भरून आलं. मी पंप बघायच्या निमित्ताने तिकडं गेलो.

२१ फेब्रुवारी

घात झाला!

आप्पासाहेबांची मुलगी संस्कृती आणि काकासाहेबांचा मुलगा ओंकार. सोयरीक जमली! दोघे हातात हात घालून पेढे घेऊन ऑफिसात. "आता व्याह्याच्या इरोधात काय हुबं ऱ्हायचं?" पंचवीसला अर्ज मागे घ्यायची मुदत, दुपारी तीनपर्यंत. आप्पासाहेब घेणार. काकासाहेब बिनविरोध.

पेढा तोंडात तसाच राहिला.

२२ फेब्रुवारी

टेम्पो बंद. मैदानावर चार माणसं. रामहरी एसटीने आले. दोन बदलून.

२४ फेब्रुवारी

पार्थचा फोन — "प्लॉटिंगचा बोर्ड पुसून ठेवा."

बनुबाईला सांगितलं. विळा घासत बसली. घासता घासता म्हणाली, "दोन मिन्टांपायी माझा अर्धा दिस खाल्ला तुमी. मोठ्या मान्सांला न्हाई व्हय खाडा?"

रात्री ऑफिसात बसून नियमांचा कागद पुन्हा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. 

२५ फेब्रुवारी

आप्पासाहेब अर्ज मागे घ्यायला आले. घड्याळात तीन वाजून दोन मिनिटं. म्हटलं, साहेब, मुदत संपली.

मोबाईल नाकापुढे धरला. "दोन सत्तावन्न झालेत, हवालदार!" मी नियम दाखवला. त्याखाली त्यांची सही दाखवली. मग जो आरडाओरडा! माझा बाप काढला, फौज काढली. मी सावधानमध्ये उभा.

आणि काकासाहेब? बिनविरोध झाल्याचं ऐकायला आधीच येऊन बसले होते. हळूच म्हणाले, "व्याही, सकाळपासनं मोकळं हुता की तुमी. नेमकं आत्ताच आलात?"

"म्हंजी? मी मुद्दाम उशीर केला?"

"मी कुठं म्हनलो!"

"मग तुमीच ह्या हवालदाराला फितवलं आसंल!"

संपलं! निवडणूक सोळा मार्चला. लग्नाचं विचारलं तर काकासाहेब म्हणाले, "लग्न हुनारच. मांडव येगळा, मतपेटी येगळी."

संध्याकाळी दोन्हीकडची माणसं हजेरीचं रजिस्टर चाळत होती. कुणाच्या किती सकाळी बाकी आहेत? निम्म्यांच्या सगळ्याच!

२८ फेब्रुवारी

त्र्याण्णव! पार्थने दोनदा मोजले. "योगामुळे का?" म्हणाला. मी हो म्हटलं. बोर्ड गाडीत घालून परत नेला. रामहरींनी त्याला चेंडू मारायला लावला. चुकला. सगळे मनापासून हसले.

लाज वाटते. आनंदही होतो, आणि तोच जास्त होतो.

बनुबाईचा सात जानेवारीचा खाडा खोडला. मग ऑफिसचं दार लावून घेतलं, स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं आणि पाच मिनिटं मागे घेतलं.